गाव कोणते?

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटेच्या अंधारात, स्वारगेटकडून येणारा रस्ता अद्याप निजलेला असताना, फळ-भाजीपाला विभागातील गाळ्यांवर दिव्यांचा लखलखाट होतो आणि मालमोटारी मागेपुढे होऊ लागतात, तेव्हा आडत्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा मालाच्या गावाविषयीचा असतो. टोमॅटो नारायणगावचा की अन्य कोठला, अंजीर पुरंदरचे की दुसरीकडचे, हापूस देवगडचा, रत्नागिरीचा की कर्नाटकातून आलेला, हे एकदा कळले म्हणजे भावाचे अर्धे बोलणे आपोआप उरकते; कारण गावाच्या नावात तेथली माती, तेथले पाणी, तेथल्या शेतकऱ्याची हातोटी आणि ग्राहकाच्या मनात वर्षानुवर्षे साठलेला विश्वास ही सारी एकवटलेली असतात. बाजारात मालाच्या नगाला ‘डाग’ म्हणतात. चाळीस डाग आले, साठ डाग उतरले, असा हिशेब चालतो. याच शब्दाचा दुसरा अर्थ पुढे येणार आहे, म्हणून तो वाचकाने ध्यानात ठेवावा.

तो डाग पाठीवर वाहणाऱ्या हमालालाही नवखा माणूस हाच प्रश्न विचारतो, आणि तीस-तीस वर्षे पुण्यात काढलेला, येथेच मुलाबाळांची लग्नकार्ये केलेला तो हमाल उत्तरादाखल आपल्या मूळ गावाचे नाव सांगतो. १९७२ च्या दुष्काळाने कितीतरी कुटुंबे पुण्याच्या वाटेला लावली. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने या कष्टकऱ्यांना संघटना दिली, १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला व भविष्यनिर्वाह निधीला आधार दिला, आणि यार्डाच्या शेजारीच हमालनगर वसले. तरीही उत्तरात येते ते मागे राहिलेले गावच. त्यात विसंगत असे काही नाही. गाव जागच्या जागी आहे, देवाची यात्रा दरसाल भरते, सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे आणि एस.टी.चे तिकीट काढले की संध्याकाळपर्यंत तेथे पोहोचता येते, तोवर ते उत्तर खरे असते.

परंतु ज्याचे घर उभे आहे, कुलूप शाबूत आहे, अंगणातील झाडाला फळे लागून गळून पडत आहेत, आणि तरीही ज्याला त्या घरात पाऊल टाकण्यास सरकारी हुकुमाने मनाई आहे, अशा माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? अणुभट्टीच्या अपघातामुळे परागंदा झालेल्या लोकांची अवस्था समजून घेताना मला हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे असे वाटत आले आहे. आपल्या देशात सुदैवाने असा प्रसंग आलेला नाही. पण माणसाच्या हातून घडलेल्या एखाद्या प्रचंड यंत्राचा वा बांधकामाचा घात व्हावा, आणि त्याच्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा हजारोंना नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावे लागावे, हा अनुभव पुण्याला परका नाही. मार्केट यार्डातून पश्चिमेस निघून सातारा रस्ता ओलांडला की पर्वतीच्या पायथ्याशी आणि सहकारनगरात त्या अनुभवाची स्मारके वस्त्यांच्या रूपाने उभी आहेत.

१९६१ सालच्या जुलै महिन्याची १२ तारीख. मुठेची उपनदी जी अंबी, तिच्यावरील पानशेतचे मातीचे धरण पुरे व्हावयाचे होते. पाणी सोडण्याच्या मोरीची दारे व ती हलविण्याची यंत्रणा अपुरी असतानाच पावसाळा आला, जलाशय भरत गेला आणि मोरीवरील भराव खचू लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचीत होते. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यावर आदळले आणि एकोणिसाव्या शतकातील ते दगडी धरणही त्याच दिवशी कोसळले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत, पुलाच्या वाडीत, डेक्कन जिमखान्यावर आणि एरंडवण्यात पाणी शिरले. मातीविटांचे जुने वाडे पाण्याने भिजले आणि मागाहून बसत गेले. ज्या जलाशयाने शहराला तहानेचे पाणी पुरवावयाचे तोच रिकामा झाल्यामुळे, पुराने वेढलेल्या पुण्याला दुसऱ्या दिवसापासून पिण्याचे पाणी मिळेना, आणि पेठांतील विसरलेल्या विहिरी व आड पुन्हा उघडावे लागले. मृतांचा आकडा तेव्हापासून आजतागायत वादाचा विषय राहिला आहे. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांचा काम पुरे होण्यापूर्वीच मृत्यू झाला. ती चौकशी पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी तडीस नेली.

घरे गेलेल्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे सोपविण्यात आली आणि काम झपाट्याने झाले, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. गोखलेनगरच्या माळावर आणि पर्वतीच्या परिसरात निसन हट उभ्या राहिल्या. पत्र्याच्या या अर्धगोल झोपड्यांची कल्पना पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ब्रिटिश सैन्यातील पीटर निसन या अधिकाऱ्याने काढली. शिपायांना लढाईपुरता निवारा मिळावा, एवढाच तिचा हेतू. जो निवारा लढाईपुरता त्यात पेठेतले संसार थाटले गेले. वाड्याच्या जाड भिंतींत आणि चौकातल्या गारव्यात जन्म काढलेल्यांना पत्र्याखालचा वैशाख आणि पत्र्यावर वाजणारा आषाढ सोसावा लागला. ‘तात्पुरती सोय’ हा शब्द सरकारी दफ्तरात पहिल्याच दिवशी लिहिला गेला. तो पुसला जाण्यास मात्र कित्येकांच्या बाबतीत एक पिढी लागली. पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या, ज्यांची आठवण सहकारनगर या नावातच राहिली आहे. आणि अशा १०३ संस्थांच्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न, पूर ओसरून अर्धशतक उलटल्यावरही, शासनदरबारी अर्जविनंत्यांच्या रूपाने चालूच होता.

अशाच एका वसाहतीत राहणारे माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. पूर आला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी पर्वतीच्या सावलीत काढले. तरी मूळ ठिकाण विचारले की ते क्षणाचाही विलंब न लावता ‘आम्ही नारायण पेठेतले’ असे सांगतात. त्यांची पेठ मात्र त्यांना बसने वीस मिनिटांत गाठता येते. तेथे त्यांचा वाडा नाही, पण नदी आहे, घाट आहे, ज्या देवळात आईचा हात धरून ते जात असत ते देऊळ आहे, आणि काही जुन्या भिंतींवर पाणी कुठवर चढले होते याची रेघ ओढून ठेवलेली होती, जिच्याकडे बोट दाखवून नातवंडांना गोष्ट सांगता येत असे. पाण्याने त्यांचे घर नेले आणि पाणी निघून गेले. संकट डोळ्यांना दिसले, कानांनी ऐकू आले, चिखल मागे ठेवून ते ओसरले, आणि ओसरले एवढे तरी निश्चित कळले.

किरणोत्साराच्या संकटाला ही रेघ नसते. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर युक्रेनमधील चेर्नोबिल येथील चौथी अणुभट्टी फुटली, आणि जवळच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० रहिवाशांना दुसऱ्या दिवशी दुपारी हजाराहून अधिक बसगाड्यांत बसविण्यात आले. सोबत तीन दिवसांपुरते सामान आणि ओळखीचे कागद घ्यावेत, अशी सूचना होती. त्या तीन दिवसांचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. शहर ओस पडले ते पडलेच. त्या वर्षी ३० किलोमीटरच्या परिघातून व आसपासच्या भागांतून १ लाख १६ हजार लोक हलविण्यात आले आणि पुढील काळात ही संख्या साडेतीन लाखांच्या घरात गेली. काही वृद्ध मंडळी, त्यांतही विशेषतः स्त्रिया, बंदी मोडून आपल्या खेड्यांत परत गेल्या आणि तेथेच बटाटे लावून, कोंबड्या पाळून राहिल्या. अणुविज्ञानाचा निवाडा त्यांच्या विरुद्ध होता. पण ज्यांनी दुष्काळ पाहिला, महायुद्ध पाहिले, त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूपेक्षा अनोळखी शहरातील चौथ्या मजल्यावरचे घर अधिक भयंकर वाटले, तर त्यांना अडाणी म्हणण्यास माझे मन धजत नाही.

हा शत्रू कसा असतो, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. भट्टी फुटून वा तिचे इंधन वितळून जी द्रव्ये हवेत उधळतात त्यांत आयोडिन-१३१ असते. दर आठ दिवसांनी ते निम्मे होत जात असल्याने दोन-तीन महिन्यांत नाहीसे झाल्यासारखे होते. परंतु त्या अवधीत ते गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकाच्या कंठग्रंथीत जाऊन बसते, आणि चेर्नोबिलच्या परिसरात मुलांना कंठग्रंथीचा कर्करोग झाला तो त्यामुळे. सीझियम-१३७ ची गोष्ट निराळी. ते निम्मे होण्यास ३० वर्षे लागतात. म्हणजे आज जन्मलेले मूल तिशीचे झाले तरी अर्धे, आणि साठीचे झाले तरी पावभाग ते मातीत शिल्लक असते. मातीच्या वरच्या थरात, रानातील पाचोळ्यात, कौलांच्या फटीत ते चिकटून राहते. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. ज्या मातीवर शेतकऱ्याचा सर्वांत अधिक विश्वास, तीच माती यंत्र लावून पाहिल्याशिवाय खरे सांगत नाही.

जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंपामागून त्सुनामी आली, अणुवीजकेंद्राचा वीजपुरवठा तुटला, भट्ट्या थंड राखणे अशक्य झाले, आणि सरकारने नकाशावर कंपास ठेवून वर्तुळे काढण्यास आरंभ केला. पहिल्या रात्री २ किलोमीटर, मग ३. दुसऱ्या दिवशी पहाटे १० आणि संध्याकाळी २०. या वर्तुळाचा अर्थ मनात भरावा म्हणून मी एकदा पुण्याच्या नकाशावर, मार्केट यार्डाच्या फाटकावर कंपासाचे टोक ठेवून, २० किलोमीटरची रेघ ओढून पाहिली. त्यात सारे पुणे शहर आले, पिंपरी-चिंचवड आले, हडपसर आणि लोणी काळभोर आले, खडकवासल्याचा जलाशय आणि सिंहगड आला. आळंदी तेवढी जेमतेम रेघेबाहेर राहिली. एवढा मुलूख एका दिवसात रिकामा करावयाचा! फुकुशिमाच्या आसपासची वस्ती पुण्याच्या मानाने पुष्कळच विरळ, तरीही तेथे घर सोडणाऱ्यांची संख्या १ लाख ६० हजारांच्या पलीकडे गेली.

आणि वारा कंपासाचे ऐकत नाही. नामिए या गावचे लोक समुद्रकाठ सोडून वायव्येकडील त्सुशिमा या डोंगराळ भागात गेले, तेथल्या शाळांतून व घरांतून दाटीवाटीने राहिले, मुले अंगणात खेळली, बायकांनी बाहेर चुली मांडून भात शिजविला. आणि नेमक्या त्याच दिशेने किरणोत्सारी द्रव्यांचा लोट गेला. हा लोट कोणीकडे जाईल याचे गणित करणारी यंत्रणा सरकारजवळ होती, परंतु तिची अनुमाने वेळेवर त्या लोकांपर्यंत पोहोचली नाहीत. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत असह्य वाटणारी गोष्ट हीच आहे. इताते हे सुमारे सहा हजार वस्तीचे खेडे तर बहुतांशी ३० किलोमीटरच्याही पलीकडे; तेथे पाऊस आणि हिम यांबरोबर ती द्रव्ये खाली उतरली, आणि गाव सोडण्याचा हुकूम येईपर्यंत सव्वा महिना लोटला होता. तोवर त्या गावाने किनाऱ्यावरून आलेल्या निर्वासितांना आसरा दिला होता.

घर सोडणे हेच पुष्कळांच्या जिवावर बेतले. ओकुमा या गावातील एका रुग्णालयातील व त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना बसगाड्यांतून तासन् तास, वळणावळणाच्या मार्गाने हलविण्यात आले, आणि त्यांपैकी ४० हून अधिक जणांचा त्या धकाधकीत व त्यानंतरच्या दिवसांत अंत झाला. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामी यांनी सुमारे १,६०० बळी घेतले. पण स्थलांतराचे हाल, औषधपाण्यावाचून झालेली आबाळ, एकटेपण आणि आत्महत्या यांमुळे ज्यांचा मृत्यू आपत्तीशी निगडित म्हणून सरकारने दफ्तरात नोंदविला, त्यांची संख्या २,३०० च्या वर गेली. किरणांनी न मारलेली माणसे किरणांच्या भयाने आणि घराच्या विरहाने गेली. म्हणून हलवूच नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु हलविण्यालाही मरणाची किंमत असते, हे योजना करणाऱ्यांच्या कागदावर आधी मांडलेले असावयास हवे होते.

तेथेही ‘तात्पुरती घरे’ आली: ओळीने उभ्या केलेल्या, पातळ भिंतींच्या, दोन वर्षांच्या मुदतीच्या. भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येई. मुदत संपली, वाढविली, पुन्हा वाढविली. मानसिक क्लेशाबद्दल दरमहा दरडोई १ लाख येन अशी भरपाई ठरली. पण ती कोणत्या क्षेत्रातल्यास मिळावी आणि कोठवर, हे पुन्हा नकाशावरील रेघांनी ठरविले. रेघ जेथून गेली तेथे एका बाजूचा शेजारी हक्कदार ठरला आणि दुसऱ्या बाजूचा नाही. जे गेले ते पैशावर जगतात म्हणून हिणवले गेले, जे राहिले ते मुलांच्या जिवाशी खेळतात म्हणून दूषणे खाऊ लागले. पानशेतनंतर पंचनाम्यात भांडीकुंडी आणि वाशांची मोजदाद करता आली. शेजाऱ्याच्या मनातून उतरल्याचा पंचनामा कोणी करावा?

आता त्या ‘डाग’ शब्दाकडे वळतो. फुकुशिमा हे पीच फळांसाठी, तांदळासाठी, भाजीपाल्यासाठी जपानच्या बाजारांत मानाने घेतले जाणारे नाव होते, जसे आपल्याकडे अंजिराच्या बाबतीत पुरंदरचे. अपघातानंतर त्या नावाचाच डाग झाला. खाद्यपदार्थांत सीझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकरेल, म्हणजे इतर अनेक देशांहून कडक, ठरविण्यात आली. २०१२ पासून त्या प्रांतातील तांदळाचे पोते न् पोते, दरसाल १ कोटीच्या घरातील पोती, यंत्राखालून जाऊ लागली. बहुतेक सारी निर्दोष निघू लागली. तरी भाव पडलेलाच राहिला. मार्केट यार्डात ज्याने शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी पाहिली आहे त्याला हे अधिक सांगावयास नको. माल चोख असून गावाच्या नावाने भाव जावा, याहून मोठी नामुष्की कास्तकाराला कोणती? २० किलोमीटरच्या आतील गोठ्यांतून अडकलेली जनावरे मालकांच्या संमतीने मारून टाकावीत, असे सरकारने मे महिन्यात फर्माविले. काही गोपालकांनी ती संमती नाकारली आणि जे कधीही बाजारात विकता येणार नाही असे गोधन केवळ जगवावे म्हणून जगविले.

तोच डाग माणसांनाही लागला. नव्या शाळेत फुकुशिमाहून आलेल्या मुलांना ‘जंतू’ म्हणून चिडविल्याचे प्रकार उघडकीस आले. मुलीचे लग्न जमताना माहेर कोणते म्हणून सांगावे, ही चिंता आयांना पडली. हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचलेल्यांनी, ज्यांना जपानी भाषेत हिबाकुशा म्हणतात, हेच भोगले होते. किरणोत्सार एका माणसापासून दुसऱ्याला साथीच्या रोगासारखा लागत नाही, हे साधे सत्य इतक्या सुशिक्षित देशातही भीतीपुढे हतबल ठरले. ‘गाव कोणते?’ हा जो प्रश्न गुलटेकडीवर आपुलकीने विचारला जातो, तो तेथे चुकविण्याचा प्रश्न झाला.

आपल्या महाराष्ट्रात तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून चालू आहे. अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरच्या टापूचे आपत्कालीन नियोजन करावे आणि केंद्राबाहेरील आपत्तीत सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांनी हाती घ्यावीत, अशी आपल्याकडील रीत आहे. अपघात नव्हे, तर त्या केंद्राचा विस्तार हे निमित्त होऊन पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे आपल्या जागेवरून उठली, आणि पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मच्छीमाराला घरासाठी पक्क्या भिंती दिल्या, पण भरती-ओहोटीचा आवाज दिला नाही, तर मोबदल्याच्या तक्त्यात कोणता रकाना रिकामा राहिला हे कलेक्टर कचेरीला कळणे कठीण असते. धरणांनी उठविलेल्या लोकांच्या चळवळीतून, ज्यात बाबा आढावही अग्रभागी होते, महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. जमिनीला जमीन, गावठाणाला गावठाण हे तत्त्व त्या चळवळीने आग्रहाने मांडले, आणि त्यामागे मला हीच समजूत दिसते, की माणूस उठतो तेव्हा एकटे घर उठत नाही.

फुकुशिमात पुढे मातीचा वरचा थर खरवडून काळ्या पिशव्यांत भरण्यात आला. शेते, क्रीडांगणे, देवळांची आवारे यांतून निघालेली ही माती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर भरली. ती फुताबा आणि ओकुमा या गावांच्याच हद्दीत साठविली आहे, आणि २०४५ पर्यंत ती प्रांताबाहेर नेण्याचे सरकारने कायद्याने कबूल केले आहे. म्हणजे ज्यांची गावे गेली त्यांच्याच गावांत सर्वांची माती. इतातेवरील बंदी २०१७ च्या मार्चअखेर बहुतांशी उठली. फुताबात कायम वास्तव्याची परवानगी, तीही गावाच्या एका भागापुरती, ३० ऑगस्ट २०२२ रोजी मिळाली. साडेअकरा वर्षे! पहिलीतले मूल तोवर महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आलेले, आणि परतण्याची आस धरून बसलेले कित्येक आजोबा वाटेतच संपलेले. तरुण पिढी जेथे नोकरी तेथे रुजली. परत आले ते बहुशः वृद्ध. अजूनही वीस हजारांहून अधिक लोक दफ्तरी निर्वासितच आहेत.

या लोकांसाठी जपानने २०११ सालीच एक कायदा केला, ज्याची मला पुण्यातील पूरग्रस्तांच्या जुन्या अर्जांकडे पाहताना नेहमी आठवण होते. निर्वासिताने जेथे आसरा घेतला असेल तेथील नगरपालिकेने त्याला शाळा, दवाखाना, वृद्धसेवा ही सर्व पुरवावी. परंतु त्याची रहिवासाची नोंद त्याला हवी तर मूळ गावीच राहू द्यावी. त्यामुळे फुताबाच्या दफ्तरात आज पाच हजारांहून अधिक नावे आहेत, आणि गावात प्रत्यक्ष चूल पेटते ती दोनशेच्या आसपास माणसांची. उरलेले दूरदूरच्या शहरांत राहतात, तेथेच नोकऱ्या करतात, तेथेच त्यांना नातवंडे होतात. आणि सरकारी नमुन्यात गावाच्या नावाचा रकाना आला, की ते ‘फुताबा’ असे लिहितात.